थंड मुलखास जाणाऱ्याची पेटी

पालघर, बोईसर आणि तारापूर या टापूंत वाढलेल्या माणसाला थंडी म्हणजे काय हें खऱ्या अर्थानें ठाऊक नसतें. समुद्र उशाशीं आहे. पाणी जमिनीपेक्षां सावकाश तापतें आणि सावकाश निवतें. त्यामुळें किनाऱ्यावरचीं गांवें उन्हाळ्यांत फार भाजत नाहींत आणि हिंवाळ्यांत फार गारठतही नाहींत. जानेवारींत पहाटे पारा १६-१७ अंशांपर्यंत उतरला, कीं शेकोट्या पेटतात आणि कानटोप्या बाहेर पडतात. जव्हारच्या डोंगरावर राहणाऱ्यास थोडा अधिक गारवा परिचयाचा असतो, पण तोही हाडांत शिरणारा नव्हे. अशा मुलखांतलें कोणी शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं टोरांटो, विनिपेग अथवा लंडन येथें जावयास निघालें, म्हणजे घरांतल्या वडील माणसांचा धीर सुटतो, आणि तो सुटलेला धीर पेटींत भरला जातो. जाड कांबळें, रजई, चार स्वेटर, मुंबईहून मुद्दाम आणलेला भला मोठा कोट! बोईसरच्या कारखान्यांतील पगारांतून आणि बँकेच्या कर्जांतून उभ्या केलेल्या पैशाला अशी वाट फुटते, आणि त्यांतल्या पुष्कळशा वस्तु तिकडे गेल्यावर कपाटाच्या तळाशीं पडून राहतात.

हा प्रश्न आजचा नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या आणि जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचें माहेर कल्याणचें. कल्याण आणि आजचें पालघर हीं दोन्ही त्या काळीं एकाच ठाणें जिल्ह्यांत मोडत. हवापाण्याच्या दृष्टीनें बाई शेजारच्याच म्हणावयाच्या. आपला पोशाख आणि आपला आहार सोडावयाचा नाहीं, असा त्यांचा निर्धार होता. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत शिकत असतां नऊवारी लुगड्याची अडचण त्यांना जाणवूं लागली. काष्टा घातला म्हणजे पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तेथील हिंवाळ्यांत उघडी पोटरी ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हां त्या गुजराथी पद्धतीनें, पाय झांकले जातील असें नेसूं लागल्या. निर्धार राहिला, नेसण बदलली. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. क्षय हा थंडीनें होत नाहीं, जंतूंनीं होतो. तो जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ मध्यें, म्हणजे बाई निघण्याच्या आदल्याच वर्षीं, दाखवून दिला होता. तथापि अपुऱ्या उबेनें आणि अपुऱ्या अन्नानें खंगलेलें शरीर रोगापुढें लवकर नमतें, हेंही तितकेंच खरें. पेटींत काय घालावें हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, तो यामुळें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कपडा ऊब देत नाहीं. ऊब शरीराची असते. कपडा ती बाहेर जाऊं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम. आणि तें कामही खरें पाहतां कपडा करीत नाहीं, कपड्यांत अडकलेली हवा करतें. स्थिर हवेंतून उष्णता फार मंद गतीनें जाते. आजीची गोधडी हें या शास्त्राचें उत्तम उदाहरण आहे. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून तिनें टांके घातले, म्हणजे नकळत हवेचे थर शिवले. एकच जाड चादर घेतली तर तेवढी ऊब येत नाहीं. म्हणून थंड मुलखांत एक जाड कोट घालण्यापेक्षां तीन बेताचे थर घालणें शहाणपणाचें ठरतें: अंगालगत एक घट्ट बसणारें वस्त्र, त्यावर लोकरीचें किंवा तत्सम लुसलुशीत वस्त्र, आणि सर्वांवर वारा व पाणी अडविणारें आवरण. घर, आगगाडी, वर्ग, सगळें आंतून तापविलेलें असतें. तेथें शिरतांच वरचे थर काढतां आले पाहिजेत. नाहींतर माणूस घामानें भिजतो आणि पुन्हां बाहेर पडला, कीं तोच घाम त्याला गारठवितो.

येथें सुताची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण किनाऱ्यावरच्या माणसाचा सारा भरंवसा सुतावर. सूत घाम शोषतें आणि ओलें राहतें. आपल्या उन्हाळ्यांत हाच त्याचा गुण. बर्फांत हाच त्याचा दोष, कारण ओल्या कापडांतून उष्णता झपाट्यानें निघून जाते. लोकरीचें तसें नाहीं. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटांत घेऊनही ती अंगाला ओली लागत नाहीं. देशावरचा धनगर पावसांत सुती चादर न पांघरतां घोंगडी कां पांघरतो, याचें उत्तर यांत आहे. अंगालगतच्या थरासाठीं बारीक लोकर उत्तम. ती महाग पडते. मग ज्याला दुकानदार ‘थर्मल’ म्हणतात तें कृत्रिम धाग्याचें वस्त्र घ्यावें. सुती गंजीफ्राक न्यावेत, पण ते उन्हाळ्यासाठीं आणि घरांतल्यासाठीं.

थंडीही सगळीकडे एक नसते, आणि पेटी भरणारा नेमकें हेंच विसरतो. लंडनला जानेवारींत पारा सरासरी पांच अंशांच्या आसपास असतो. बर्फ क्वचित, पण ओल, रिमझिम आणि वारा पाठ सोडीत नाहींत. तेथें जाड कोटापेक्षां पाणी न शिरणारें हलकें आवरण आणि तसेंच पादत्राण यांची गरज अधिक. टोरांटोला त्याच महिन्यांत सरासरी शून्याखालीं चार-पांच अंश. विनिपेगला रात्रींचें सरासरी तपमान शून्याखालीं २१ अंशांपर्यंत जातें. तेथील थंडी कोरडी, पण निर्दय. तीनही शहरांना ‘थंड’ हा एकच शब्द लावून एकच यादी करणें म्हणजे डहाणू आणि महाबळेश्वर यांना एकच छत्री पुरेल असें मानणें होय.

आतां काय येथून न्यावें आणि काय तेथें घ्यावें? आंतले थर येथून न्यावेत. दोन-तीन जोड थर्मल, दोन चांगले स्वेटर, लोकरीचे पायमोजे. महाराष्ट्राच्या शहरांत हिंवाळ्यांत तिबेटी विक्रेते बसतात, त्यांच्याकडे किंवा मुंबईच्या बाजारांत हें सर्व माफक दरांत मिळतें. बाहेरचा कोट आणि बूट मात्र तेथेंच घ्यावेत. मुंबईच्या दुकानांतला कोट बहुधा पर्यटकाच्या आठवड्यासाठीं असतो, पांच महिन्यांच्या हिंवाळ्यासाठीं नव्हे. त्या त्या शहरांत त्या त्या थंडीला जोखलेला कोट मिळतो, आणि हंगाम संपतां संपतां स्वस्तही मिळतो. जुन्या कपड्यांचीं धर्मादाय दुकानें तिकडे पुष्कळ असतात. त्यांतून कोट घेण्यांत तेथील सुखवस्तु माणसांनाही संकोच वाटत नाहीं, तेव्हां आपल्या मुलांनीं तो मानण्याचें कारण नाहीं.

प्रस्थानाचा महिनाही पाहावा. सप्टेंबरांत सुरू होणाऱ्या सत्रासाठीं ऑगस्टअखेर जो टोरांटोला उतरतो, त्याला तेथें ऊन लागतें. कोट शोधावयास दोन महिने मिळतात. जानेवारीच्या सत्रासाठीं जाणाऱ्यास ही सवलत नाहीं. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकतांच त्याला कोट, टोपी व हातमोजे हवेत, आणि ते मोठ्या पेटींत नव्हे, अंगावर किंवा हातांतल्या पिशवींत हवेत. अंगावर घातलेल्या कोटाचें वजन काट्यावर धरीत नाहींत, हा एक लहानसा फायदा त्यांत आहेच.

शरीर थंडींत प्रथम हृदय आणि मेंदू सांभाळतें. हातापायांकडचें रक्त तें आंत ओढून घेतें. म्हणून बोटें, कान आणि नाकाचा शेंडा यांवर पहिला घाला पडतो. वाऱ्यामुळें तो वाढतो. वाऱ्यासह जाणवणारें तपमान उणे २८ किंवा त्याच्या खालीं गेलें, तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठूं शकते, असा इशारा कॅनडाचें हवामान खातें देतें. बसची वाट पाहण्यांत तेवढा वेळ सहज जातो. बोटें वेगवेगळीं करणाऱ्या हातमोज्यापेक्षां चारही बोटें एकत्र ठेवणारा मोजा अधिक उबदार, कारण त्यांत बोटें एकमेकांस ऊब देतात. ज्या कानटोपीला घरांत ‘माकडटोपी’ म्हणून हंसतात, तिचा तिकडे कोणी उपहास करीत नाहीं. ती खुशाल न्यावी. बूट घेतांना जाड पायमोजा घालून मापावा. घट्ट बुटांत रक्त फिरत नाहीं आणि हवेचा थरही राहत नाहीं. रस्त्यावरचा बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, त्यानें येथून नेलेले चकचकीत कातडी जोडे एका हिंवाळ्यांत खलास होतात. आणखी एक सूचना: गोठलेला कान किंवा बोट तेल लावून चोळूं नये. आपल्याकडे हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो, पण चोळण्यानें इजा वाढते. कोमट पाण्यानें ऊब द्यावी आणि वैद्याकडे जावें.

तेलावरून आठवण द्यावयाची ती कोरडेपणाची. थंड हवेंत पाण्याची वाफ थोडीच मावते. तीच हवा घरांत घेऊन तापविली, कीं ती अतिशय कोरडी होते. तारापूरच्या दमट हवेंत वाढलेल्याचे ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, नाकांतून रक्तही येतें, आणि नवखा माणूस घाबरून जातो. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें, त्यामुळें तिकडे बाटलींतून तें बाहेर यावयाचें नाहीं. रुंद तोंडाच्या डब्यांत न्यावें, किंवा व्हॅसलीन वापरावें. डिसेंबरांत बोईसरला दिवस सुमारें ११ तासांचा असतो, टोरांटोला ९ तासांचा, आणि तोही तिरप्या उन्हाचा. त्या उन्हानें अंगांत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसें तयार होत नाहीं. याविषयीं निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारून ठेवावें.

खाण्याच्या वस्तूंत माया फार आणि विवेक थोडा, असा अनुभव आहे. तांदूळ, डाळ, लोणचें, पापड हें सारें टोरांटोच्या शेजारीं ब्रॅम्प्टन येथें भारतीय दुकानांत मिळतें. त्यासाठीं पेटींतले किलो खर्ची घालूं नयेत. जें मिळत नाहीं तें न्यावें: वाडवळांच्या घरचा मसाला, आईच्या हातची कोरडी चटणी. घोलवडचे चिकू कितीही गोड असले तरी ताजीं फळें, बियाणें, दुधाचे व मांसाचे पदार्थ यांवर परदेशांत कडक निर्बंध असतात. जें काय जवळ असेल तें उतरतांच सरकारी फॉर्मवर जाहीर करावें. जाहीर केलेली वस्तु फार तर काढून घेतात, लपविलेलीबद्दल दंड करतात. सातपाटीचे सुके बोंबील नेण्याचा मोह ज्यांना आवरत नाहीं, त्यांनीं नियम पाहावेत आणि शेजाऱ्यांचाही विचार करावा. हिंवाळ्यांत खिडक्या महिनोन्‌महिने बंद, घर चौघांचें, आणि मिरचीच्या फोडणीच्या धुरानेंसुद्धां छतावरची धोक्याची घंटा वाजूं लागते!

कपड्यांहून महत्त्वाचे कागद. प्रवेशपत्र, गुणपत्रिका, जन्माचा दाखला, लसींची नोंद, हीं सर्व हातांतल्या पिशवींत असावींत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘जिल्हा ठाणें’ असतें आणि अलीकडच्या कागदांवर ‘जिल्हा पालघर’. आपल्याला यांत नवल नाहीं, पण सातासमुद्रांपलीकडच्या कारकुनास एकच गांव दोन ठिकाणीं दिसतें. सर्व फॉर्म पासपोर्टावरील नोंदीशीं जुळवून भरावेत आणि जिल्ह्याची फोड कधीं झाली, हें विचारल्यास सांगतां यावें. औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावींत. चिठ्ठींत औषधाचें शास्त्रीय नांव असावें, कारण कंपनीचें नांव तिकडे ओळखीचें नसतें. चष्मा दोन जोड न्यावा; तिकडे तो फार महाग पडतो.

विजेचें एक सांगितलें पाहिजे. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट, कॅनडांत १२०. येथला मिक्सर तिकडे नीट फिरत नाहीं. प्रेशर कुकरला मात्र ही अडचण नाहीं, तो न्यावा, आणि त्याच्या पोटांत मोजे भरावेत. लंडनला दाब येथल्यासारखाच, फक्त खुंट्यांचा आकार निराळा. मोबाइल भरण्याच्या सुट्या बॅटऱ्या मोठ्या पेटींत चालत नाहींत. त्या हातांतल्या पिशवींतच ठेवाव्या लागतात.

राहिलें वजन. कॅनडाच्या तिकिटावर बहुधा २३ किलोंच्या दोन पेट्या मिळतात, युरोपास पुष्कळदां एकच. नेमका आंकडा तिकिटावर छापलेला असतो, तो वाचावा. शाळेच्या प्रयोगशाळेंत असतो तसा ताणकाटा बाजारांत थोडक्या पैशांत मिळतो. नसल्यास वाण्याचा काटा आहेच. पेटी निघण्याच्या आदल्या रात्रीं नव्हे, चार दिवस आधीं तोलावी, म्हणजे काय काढावें यावर भांडण होण्यास आणि तें मिटण्यास वेळ मिळतो. काढावयाचें झाल्यास प्रथम रजई काढावी. ती तिकडे मिळते, आणि घरांत रात्रभर ऊब असल्यामुळें तिची गरजही थोडी. आजीनें गोधडीसाठीं हट्टच धरला, तर लहान मुलाच्या मापाची एक दुपटी घ्यावी. किलोभराची असते, आणि बसतांना गुडघ्यांवर घेतां येते.