चावीचा बाजा का अडतो?

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. तेथे एका घराच्या माळ्यावर चावीचा जुना ग्रामोफोन होता. घरच्या आबाजींच्या वडिलांनी तो घेतलेला. सोबत बालगंधर्वांच्या दोन तबकड्या. आबाजींचे वय 88. "मी आहे तोवर एकदा वाजू दे," एवढेच त्यांचे मागणे. पण ना हँडल फिरे, ना ताट हले. नातवाने दिवाळीत मोठ्या उत्साहाने घरातले जवसाचे तेल चाकांवर ओतले होते. चार दिवस ताट कुरकुरत फिरले आणि मग पहिल्याहून घट्ट बसले.

तेल घालून यंत्र अडावे, हे कसे? तेले सगळी सारखी नसतात. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा बनतो. म्हणून तर ते रंगात घालतात! खोबरेल असे वाळत नाही, पण सुमारे 24 अंशांखाली थिजते. यवतमाळच्या थंडीत ते बाटलीत गोठलेले तुम्ही पाहिलेच असेल. शिवणयंत्राचे तेल खनिज असते. ते ना वाळते, ना सहज थिजते. बाजाला तेच हवे.

आता यंत्रात डोकावू. हँडल फिरवले की डब्यातली लांबलचक पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडू लागली की दातेरी चाकांमार्फत ताट फिरते. मग ते भरधाव का सुटत नाही? कारण गतिनियंत्रक. एका बारीक दांड्याभोवती पट्टीच्या स्प्रिंगांवर तीन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, एक चकती ओढली जाते आणि नमद्याच्या तुकड्यावर घासून वेग आवरते. हा दांडा ताटापेक्षा कितीतरी पटींनी जलद फिरतो, पण त्याला फिरवणारा जोर अगदी थोडा. म्हणून वाळलेल्या तेलाचा कण अडकला तरी सगळा बाजा ठप्प होतो.

आधी ब्रेक लागलेला नाही ना, ते पाहा. हसू नका, मी स्वतः एकदा याच कारणाने तासभर खपलो आहे.

हँडल मुळीच फिरत नसेल तर कमान पूर्ण गुंडाळलेली असू शकते. अशा वेळी गतिनियंत्रकाचा एकही स्क्रू सैल करू नका. त्याचा आवर सुटला की चाके भन्नाट फिरतात, दाते तुटतात, बोटेही सापडतात. कमानीचा डबा तर मुलांनी कधीच उघडू नये. ते जाणत्या कारागिराचे काम.

आमच्या बाजात ताटाचे पितळी कडे पोलादी दांड्यावर चिकटले होते. तेथे केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा दिली. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. 10 मिलिमीटरचे भोक 60 अंशांनी तापले तर दांड्याच्या मानाने ते मिलिमीटरच्या सुमारे चार हजारांश भागाने मोठे होते. केसाच्या जाडीपुढे हे काहीच नाही, पण चिकटा सुटायला तेवढे पुरले आणि ताट निघाले.

मग यंत्र अंगणात नेऊन गतिनियंत्रकाच्या दोन्ही टोकांना रॉकेलचे दोन-दोन थेंब दिले. रॉकेल पातळ असल्याने केशाकर्षणाने अरुंद फटीत शिरते. जवळ चूल, दिवा नको आणि रॉकेल लावल्यावर गरम हवाही नको. रात्रभर थांबलो. सकाळी दांडा कुरकुरत फिरू लागला. दांड्याला हाताने आवरत कमान पूर्ण उतरू दिली. मगच चाके रॉकेलने पुसली, कोरडी केली आणि शिवणयंत्राचे तेल दिले. नमद्यावरही एक थेंब हवा. तो कोरडा असेल तर वेग डळमळतो.

सुई धरणारा आडवा हात मात्र सुटेना. त्याला गंज नव्हता. काही बाजांचे असे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. त्यात शिशाची भेसळ राहिली असेल तर दमट, उष्ण हवेत धातू आतून पोखरतो, फुगतो, भेगाळतो. अशा भागाला तेलाचा उपयोग नाही आणि जोर लावला तर तो बिस्किटासारखा मोडतो. आम्ही जोर लावला नाही. यवतमाळच्या जुन्या बाजारात तसाच दुसरा हात मिळाला.

तबकड्या स्पिरिटने पुसू नका बरे! त्या लाखेच्या असतात. आपल्या पळसावर वाढणाऱ्या किड्याची ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि उन्हात मऊ पडून वाकते.

शेवटी वेग मोजला. तबकडीखाली कागदाचा कपटा ठेवला, सुई लावली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला 78 हवेत, भरले 61. म्हणजे काळी चारचा स्वर पांढरी तीनच्याही किंचित खाली! आबाजींनी मान हलवली, "हे नारायणराव नव्हेत." वेगाचा खटका थोडा थोडा सरकवत पाच वेळा मोजले. सहाव्या खेपेला 78 भरले तेव्हा आबाजी मोजणे विसरून ऐकत होते.