टक्के लिहिले, पेन्शन नाही: माजी सैनिकांचं अपील

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: "वडील फौजेतून निवृत्त झाले, मेडिकल बोर्डाने बीपीसाठी ३० टक्के अपंगत्व लिहिलं, तरी पेन्शनचा दावा नामंजूर. असं कसं?"

असं होतं, कारण टक्के पुरत नाहीत. अपंगत्व किमान २० टक्के हवंच, शिवाय आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला, हेही मान्य व्हावं लागतं. बहुतेक दावे इथेच अडतात. बोर्ड एका ओळीत लिहितं, 'सेवेशी संबंध नाही.' आणि संपलं!

याच ओळीवर सुप्रीम कोर्टाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात बोट ठेवलं. हा जवान १९८५ला भरती झाला आणि फिट्सच्या आजारामुळे १९९४ला घरी पाठवला गेला. अपंगत्व २० टक्के, पेन्शन शून्य. हायकोर्टात आधी जिंकला, मग तिथेच हरला. सुप्रीम कोर्टाचं म्हणणं साधं होतं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. संबंध सिद्ध करायचा बोजा जवानावर नाही. संबंध नाही म्हणायचं, तर बोर्डाने कारणं द्यावीत. अर्थात, 'हा आजार भरतीच्या तपासणीत कळणंच शक्य नव्हतं' असं बोर्डाने कारणांसह लिहिलं, तर दावा पडू शकतो बरं का.

आता टक्क्यांचं गणित. शेवटचा पगार ४०,००० असेल, तर १०० टक्क्यांना त्याचे ३० टक्के, म्हणजे १२,००० मिळतात. २० टक्क्यांना २,४००. पण ५०च्या खालचे टक्के ५० धरायची तरतूद आहे, मग तेच होतात ६,०००. सरकार हा लाभ आजारामुळे मुदतीआधी काढलेल्यांनाच देत होतं. २०१४च्या राम अवतार निकालानंतर पूर्ण मुदत भरलेल्यांनाही तो मिळाला.

वाट अशी: आधी खात्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याकडच्यांसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. वकील गाठण्याआधी बोर्डाच्या कागदांची प्रत मिळवा, गरज पडली तर माहिती अधिकारात. त्यात कारणांचा रकाना आधी वाचा.

सप्टेंबर २०२३पासून नवे नियम आलेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी जुन्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये.