पत्रिका छापल्यावर शंका आली तर?

राहुरीजवळच्या देवळाली प्रवराला मावशीकडे गेले होते. टीव्हीवर ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ लागला आणि जाम वाद रंगला. २०१०च्या पहिल्या भागात भर होता तो स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे या दोघांवरच; २०१५मध्ये सतीश राजवाडेंनी दोन्ही घरं मांडवात आणली. प्रशांत दामलेंवर सगळे फिदा! पण लग्न ठरल्यावर गौरी डळमळते, तिचा आधीचा मित्र परततो, तिथे मावशी भडकली. पत्रिका छापल्यावर कसल्या शंका? (मध्यंतरानंतर सिनेमा रेंगाळतो, हे माझं मत.) साखरपुडा झालेली मावसबहीण हळूच म्हणाली, गौरीला निदान वेळ तरी मिळाला, मला फक्त शालूचा रंग विचारलात. मावशी तिला घेऊन आत गेली. शेवट मी एकटीनेच पाहिला.