वणव्याची आगाऊ वर्दी

फाल्गुन सरत आला की खर्ड्याच्या भोवतालचा माळ रंग बदलतो. मार्गशीर्षात पिवळे दिसणारे गवत आता पांढुरके होते, कुसळे झडतात आणि पायाखाली काडी मोडल्याचा कोरडा आवाज येऊ लागतो. शिवारात रब्बी ज्वारीची काढणी उरकलेली असते. वर्षभराच्या वैरणीचा कडबा गंजी रचून उभा असतो आणि बाजारात नव्या ज्वारीची आवक सुरू झालेली असते. अशाच एखाद्या संध्याकाळी बालाघाटच्या उतारावर नारिंगी रेघ सरकताना दिसते. ‘कोणीतरी डोंगर पेटवला वाटते,’ असे म्हणून आपण दुकान वाढवतो आणि घरी जातो.

या भूमीचा कोरडेपणा इतिहासानेही पाहिला आहे. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामाने खर्ड्याच्या भुईकोटाचा आश्रय घेतला, परंतु वेढ्यात पाण्यावाचून त्याच्या सैन्याचे हाल झाले आणि त्याला तह करावा लागला. मार्च महिन्यात येथे पाणी किती मोलाचे होते, हे त्या वेढ्याने दाखवून दिले. त्याच महिन्यात आजही माळ पेटतात. फरक इतकाच, की आग लागण्याजोगी हवा केव्हा येणार आहे, हे आज आपल्याला काही दिवस आधी कळू शकते. ही वर्दी आपण वाचतो का, हा खरा प्रश्न आहे.

आगीचे पंचांग

वणवा पेटायला ठिणगी लागते, पण तो पसरायला हवा अनुकूल लागते. हवामानशास्त्रज्ञ त्यासाठी मुख्यतः चार गोष्टी पाहतात: तापमान, हवेतील आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि शेवटचा पाऊस होऊन किती दिवस लोटले. कॅनडात या चारांच्या आधारे रोजचा वणवा-निर्देशांक काढण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढे अनेक देशांनी ती आपापल्या परीने स्वीकारली. दुपारच्या नोंदी घेऊन वरचे बारीक गवत किती वाळले, त्याखालचा पालापाचोळा किती वाळला आणि जमिनीच्या पोटातील ओल किती उरली, याचा हिशेब त्यात मांडला जातो. आपल्या जमाखर्चासारखेच हे आहे. पाऊस जमेला, ऊन आणि वारा खर्चाला, आणि शिल्लक संपत आली की धोका वाढतो.

यात आपल्या माळासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. जाड लाकूड वाळायला आठवडे लागतात, पण गवताची काडी भोवतालच्या हवेशी साधारण तासाभरात जुळवून घेते. पहाटे दवाने ओलसर वाटलेले गवत दुपारी काडीपेटीइतके तयार असते. म्हणून ‘सकाळी तर ओल होती’ हा युक्तिवाद माळावर टिकत नाही.

दुपारी दोन ते पाच हा काळ सर्वांत वाईट असतो. तापमान शिखरावर, आर्द्रता तळाला, आणि तापलेली जमीन हवा ढवळून काढत असल्याने वरचा जोराचा वारा खाली उतरतो. माळावर उठणाऱ्या वावटळी जळती पाने उचलून पलीकडच्या शेतात नेऊन टाकतात. चढावर आग अधिकच धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे.

आणखी एक धोका आपण आशीर्वाद समजतो, तो म्हणजे वळीव. ढग दाटून येतात, गार झोत सुटतो आणि आता पाऊस आग विझवील, असे वाटते. परंतु पावसाच्या आधी सुटणारा तो झोत वाऱ्याची दिशा क्षणात फिरवतो. आतापर्यंत बाजूने रेंगाळणारी आगीची लांबलचक कड एकाएकी तोंड बनून पुढे झेपावते. आग विझवणारी माणसे सापडतात ती बहुधा अशाच वेळी.

वर्दी कोठून येते?

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील ‘शिमला ऑफिस’ हे नाव त्याची आठवण आहे. १९३२ मध्ये पुण्यातच कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता प्रसारित होऊ लागली. पेढीवरच्या रेडिओवर ती ऐकून खरेदीचा अंदाज बांधणारी पिढी आपल्या घरांनी पाहिली आहे.

आज ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ ही ॲप मोबाईलवर विनामूल्य मिळतात. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. आपल्याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा दिलेली असते. पुण्याच्या याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. ती सहा किलोमीटरच्या बारकाव्याने अंदाज मांडते.

दुसरी वर्दी आकाशातून येते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना देते. एका उपग्रह-उपकरणाची नजर एक किलोमीटरच्या चौकटीची, तर नव्याची ३७५ मीटरची आहे. तापलेली चौकट दिसली की ती कोणत्या वनपरिमंडळात, कोणत्या नियतक्षेत्रात येते, हे ठरवून संबंधित वनकर्मचाऱ्यास मोबाईलवर संदेश जातो. जंगलाचा प्रकार, अलीकडचे तापमान व पाऊस आणि पूर्वीच्या आगी यांवरून आधीच धोक्याची सूचना देण्याचे कामही ही संस्था करते. सामान्य नागरिकालाही नाव नोंदवून या सूचना मिळवता येतात.

मात्र या व्यवस्थेच्या मर्यादा आहेत. हे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात. दोन फेऱ्यांच्या मध्ये पेटलेली बांधावरची आग त्यांना दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ती बांधावरची राहिलेली नसते. उपग्रह आग लागल्यावर सांगतो. हवामानाचा अंदाज लागण्याआधी सांगतो. म्हणून खरी बचत दुसऱ्यात आहे.

इशारा होता, तरीही…

८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांतील लाहैना हे जुने गाव जळून गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. उसाची आणि अननसाची शेती बंद पडल्यावर तेथे विदेशी गवत माजले होते. जोराचा वारा आणि कोरडी हवा यांमुळे वणव्याचा धोका आहे, असा हवामान कार्यालयाचा इशारा आधीच निघालेला होता. गावात भोंगे होते, ते वाजले नाहीत. अंदाज चुकला नव्हता. तो शेवटच्या माणसापर्यंत कृती होऊन पोहोचला नाही.

आपल्या देशातही ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर गिर्यारोहणास गेलेल्या तरुण-तरुणींना वणव्याने वेढले आणि वीसहून अधिक जीव गेले. गवताळ उतार, कोरडी हवा आणि वारा हे तिन्ही तेथे होते. खर्ड्याच्या लढाईची आणि या दुर्घटनेची तारीख एकच असावी, हा योगायोग आहे. महिना एकच असणे हा योगायोग नाही. महाराष्ट्रातही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वनविभाग वणव्याचा हंगाम मानतो.

दवग्गिदावणया

वाचकहो, आपल्यासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. श्रावकाच्या सातव्या व्रतात वर्ज्य सांगितलेली पंधरा कर्मादाने आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यांतील एक म्हणजे ‘दवग्गिदावणया’: वनास, माळास आग लावणे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त या दवदानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक केवळ सवयीने केलेले, दुसरे पुण्य समजून केलेले. जुने गवत जाळले की नवे कोंब फुटतील आणि गाई चरतील, ही समजूत त्या काळीही होती.

आठशे वर्षांनंतर आपल्या बांधांवर नेमके हेच दोन प्रकार दिसतात. वहिवाट म्हणून बांध पेटवला जातो, नाहीतर ‘पुढच्या पावसाळ्यात गवत चांगले येते’ म्हणून माळ. प्रत्यक्षात पृष्ठभागावरचे बी आणि पालापाचोळा जळतो, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच जोराच्या पावसात वाहून जाते. याच दिवसांत चंडोल आणि टिटवी जमिनीवर अंडी घालतात. शेजारच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यातील काळवीट याच गवतावर जगतात. ससा पळू शकतो. अंडे पळू शकत नाही.

काडी आपण ओढत नाही, सालगडी किंवा खंडकरी ओढतो, हे खरे. पण शेत कोणाचे आणि ‘बांध साफ करून टाक’ हा निरोप कोणाचा? करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा हिशेब आपल्या परंपरेने वेगळा ठेवलेला नाही.

व्यापाऱ्याच्या नजरेने

आपण भाव पाहिल्याशिवाय माल उचलत नाही. तीच शिस्त येथे लावता येईल. फेब्रुवारीच्या मध्यापासून रोज सकाळी बाजारभावाबरोबर तीन आकडे पाहावेत: दुपारचे तापमान, आर्द्रता, वारा. पाश्चात्त्य अग्निशमन दलांत तिसांचा एक सोपा ठोकताळा वापरतात. तापमान तीस अंशांच्या वर, आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी तीस किलोमीटरच्या वर गेला, तर आग आवरणे कठीण. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी पहिल्या दोन अटी बहुतेक रोजच पूर्ण होतात. म्हणजे आपली सारी भिस्त वाऱ्यावर असते. वारा वाढणार असे दिसले, की त्या दिवशी शेतात कोणतीही आग नको, हा निरोप पेढीवरून सकाळीच जावा.

कडब्याच्या गंजी एकमेकींपासून अंतर राखून, विजेच्या लोंबत्या तारांपासून दूर रचाव्यात. प्रत्येक गंजीभोवती आणि गोशाळेच्या चाराकोठीभोवती गवत काढून मातीचा उघडा पट्टा ठेवावा. वनविभागाच्या जाळरेषेचे हे घरगुती रूप. पऱ्हाट्या, तुराट्या आणि पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून जमिनीत गाडावे. विमापत्र काढून वाचावे: उघड्यावरचा कडबा त्यात धरला आहे का, बाहेरून आलेल्या वणव्याचे नुकसान धरले आहे का, हे आगीनंतर नव्हे, आधी विचारावे. वनविभागाचा १९२६, अग्निशमनाचा १०१ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक दुकानात दिसतील असे लिहून ठेवावेत. उतारावर आग दिसली तर तिच्या वरच्या अंगाला कोणीही जाऊ नये.

खर्ड्यासारख्या गावात व्यापाऱ्याचे दुकान ही नुसती विक्रीची जागा नसते. शेतकरी, मेंढपाळ, हमाल, टेम्पोवाले दिवसभरात तेथून जातात. दारातल्या फळ्यावर जसा ज्वारीचा भाव लिहितो, तशी त्याखाली एक ओळ लिहायला खडूखेरीज काही लागत नाही: ‘आज दुपारी वारा जोराचा आहे, बांध पेटवू नका.’ पुण्याहून, राहुरीहून आणि देहरादूनहून आलेली वर्दी शेवटच्या कोसावर अडते. तो शेवटचा कोस आपल्या दुकानावरून जातो.