सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही : जुन्या डिझेल पिकअपची तपासणी

पहाटेच्या बाजारात भाजीपाला पोहोचविणाऱ्या वाहनचालकांसाठी एका तासाचा उशीरही महागात पडतो. नवी मुंबईतील वाशीची बाजार समिती असो वा दिल्लीची आझादपूर मंडई, सौदे आटोपल्यानंतर आलेल्या कोथिंबीर-मेथीला चांगला भाव मिळणे कठीण असते. अशा वेळी माल भरून उभी असलेली जुनी पिकअप किल्ली फिरविताच घरघरते, इंजिन फिरते, परंतु सुरू मात्र होत नाही. घाबरलेला चालक पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो आणि थोड्याच वेळात बॅटरीही उतरते. पुढे अनेकदा कारण न शोधताच पंप आणि नोझल खोलले जातात व मोठा खर्च माथी येतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा साध्या जागी असतो आणि क्रमाने तपासणी केल्यास तो सापडू शकतो.

येथे विचार केला आहे तो यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या पिकअप गाड्यांचा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखविलेल्या इंजिनाचे तत्त्वच या गाड्यांत वापरलेले असते. पेट्रोल इंजिनाप्रमाणे त्यात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजेच इंजिन सुरू होण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : पुरेशी दाबलेली गरम हवा, योग्य वेळी पोहोचणारे डिझेल आणि इंजिन फिरण्याचा पुरेसा वेग. यांपैकी नेमके काय कमी पडते आहे, हे ओळखणे हाच तपासणीचा गाभा होय.

सर्वप्रथम वेगाकडे लक्ष द्यावे. इंजिन फिरत असले तरी ते मंद फिरत असेल, तर हवा पुरेशी तापत नाही. पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ मारताना तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर बॅटरी अशक्त असण्याची शक्यता असते. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर आणि इंजिनापासून चासीला गेलेली सैल अर्थिंगची पट्टी हीदेखील मंद गतीची नेहमीची कारणे आहेत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये. दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, अन्यथा सेल्फची मोटार तापून जळू शकते.

वेग ठीक असल्यास सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहण्यास दुसऱ्या व्यक्तीस सांगावे. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते, परंतु पेटत नाही. काळा धूर असल्यास हवा कमी पडत असावी व एअर फिल्टर धुळीने चोंदला आहे का, ते पाहावे. या एका निरीक्षणाने तपासणीचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

धूर नसल्यास आधी टाकीत डिझेल आहे याची खात्री करावी. दर्शक काट्यावर विसंबून राहू नये, कारण जुन्या गाड्यांत तो बिघडलेला असू शकतो. इंजिन बंद करण्यासाठी ओढण्याची केबल असल्यास ती पूर्णपणे आत गेली आहे का, ते पाहावे. ती अर्धवट अडकली असता इंजिन सुरू होत नाही. केबलऐवजी पंपावर विजेचा सोलेनॉइड असेल, तर किल्ली फिरविताच तेथे 'टक्' असा आवाज यावयास हवा. आवाज न आल्यास फ्यूज आणि तेथे जाणारी वायर तपासावी. त्यानंतर डिझेल फिल्टर पाहावा. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरते व ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे फिल्टरच्या तळाशी साचते. तेथील निचऱ्याचा स्क्रू सैल करून ते काढून टाकता येते. अतिशीत प्रदेशात डिझेलमधील मेण गोठून फिल्टर बंद होतो. याच कारणास्तव लडाखसारख्या भागांसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध करून दिले.

फिल्टर ठीक असूनही डिझेल येत नसल्यास पाइपात हवा धरली असण्याचा संभव असतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुरू न होणे किंवा सुरू होऊन काही क्षणांत बंद पडणे ही त्याची लक्षणे होत. टाकीकडून डिझेल ओढून घेणाऱ्या पाइपाला बारीक चीर असल्यास तेथून थेंबही गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. हवा काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू एक-दोन वळसे सैल करून हातपंप दाबत राहावे. प्रारंभी फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबताच स्क्रू घट्ट करावा, सांडलेले डिझेल पुसावे आणि मग सेल्फ मारावा. मात्र हवा वारंवार धरत असल्यास मूळ गळती शोधणे अपरिहार्य ठरते.

पांढरा धूर येत असेल, विशेषतः थंडीच्या सकाळी, तर ज्या इंजिनांत हीटर प्लग असतात तेथे ते व त्यांचा रिले तपासावा. ते ठीक असल्यास झिजलेल्या रिंग, व्हॉल्व्ह किंवा पंपाच्या टायमिंगचा दोष संभवतो आणि ते काम जाणकार मेकॅनिकवरच सोपवावे.

गाडी सुरू करण्यासाठी हवेच्या नळीशी पेट्रोलचा बोळा धरण्याचा किंवा ईथर फवारण्याचा मार्ग धोक्याचा आहे. हीटर प्लग तापलेले असताना ईथर वापरल्यास स्फोट होऊ शकतो. तसेच इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल प्रणालीच्या नव्या गाड्यांत नोझलचे पाइप कधीही सैल करू नयेत. त्यांतील अतिउच्च दाबाचे डिझेल त्वचा भेदून शरीरात शिरू शकते.

फिल्टर वेळेवर बदलणे, पावसाळ्यात त्यातील पाणी नियमितपणे काढणे व टाकी तळ गाठेपर्यंत गाडी न चालविणे, एवढ्याने यांतील अनेक बिघाड टळतात. तरीही गाडी अडलीच, तर सेल्फचा वेग कसा होता आणि धूर कोणत्या रंगाचा होता, एवढे चालकाने मेकॅनिकला सांगितले तरी पंप विनाकारण खोलण्याची वेळ बहुधा येत नाही.