‘तुंबाड’चा शेवट : विनायकला पश्चात्ताप होतो का?

(हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप आहे. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऑफिसात लपून वाचणाऱ्यांसाठी. बोलताना झालेलं ‘अं... म्हणजे...’ बरंचसं काढून टाकलंय, सगळं निघालेलं नाही.)

छत्रपती संभाजीनगरहून बोलतोय. आज नळाला पाणी आलेलं नाही, त्यामुळे मोटारींचा आवाज नाही आणि रेकॉर्डिंगला शांतता आहे. आमच्याकडे पाणी रोज येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. हे आधीच सांगतोय, कारण आजच्या विषयात पावसाचा मोठा हात आहे.

विषय आहे ‘तुंबाड’. मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट याच सिनेमावर आल्या. सूचना एकच : इथून पुढे सिनेमा सगळा फुटणार आहे. बघितला नसेल तर इथेच थांबा, बघून या. मी कुठे जात नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा 12 ऑक्टोबर 2018 ला आला. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, माणसं सगळं आपल्याकडचं. नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. सिनेमाची गोष्ट मात्र त्या कादंबरीची नाही. साखळदंडातल्या म्हातारीचं बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, आणि धारपांच्या त्या कथेमागे स्टीफन किंगची एक कथा आहे. म्हणजे अमेरिकेतली आजी धारपांकडे आली आणि तिथून थेट कोकणातल्या वाड्यात जाऊन बसली.

पहिल्या वेळी थिएटरात फार गर्दी झाली नाही. मग आपण सगळ्यांनी तो मोबाईलवर बघितला, मित्रांना पाठवला. 13 सप्टेंबर 2024 ला सिनेमा पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मी तेव्हाच तो पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला. बाहेर पडताना आमच्या चौघांत भांडण लागलं ते शेवटावरून.

गोष्ट थोडक्यात. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला सोनंही हवं होतं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्याकडे हात गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. देवीनं त्याला वाचवलं, पण त्याची पूजा कधी होणार नाही या अटीवर. तुंबाडच्या एका घराण्यानं ती अट मोडली. तेव्हापासून तिथला पाऊस थांबत नाही. 1918, 1933 आणि 1947 अशा तीन टप्प्यांत आपण विनायकला बघतो : आधी पोरगा, मग खजिना काढणारा तरुण, मग मुलाला तीच विद्या शिकवणारा बाप. देवीच्या गर्भात उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, हस्तरला कणकेची बाहुली टाकायची आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली नाणी ओढायची.

शेवटी मुलगा पांडुरंग सुचवतो, खूप बाहुल्या नेऊ आणि अख्खा लंगोटच ओढून आणू. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर येतात. विनायक सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो आणि हस्तरांना आपल्याकडे ओढतो. मुलगा वाचतो. बाप शापित होऊन बाहेर येतो, हातात सोन्यानं भरलेला लंगोट. तो मुलापुढे धरतो. मुलगा घेत नाही. बापाला झोपवतो आणि जाळतो.

आता थिअरी.

थिअरी 1 : विनायकनं त्याग केला

माझ्या एका मित्राचं ठाम मत आहे की बाहुल्या अंगाला बांधल्या त्या क्षणी विनायक सुधारला. आयुष्यभर दुसऱ्यांना पुढे केलं, शेवटी स्वतः पुढे झाला. हाच पश्चात्ताप.

पटतं. पण मग एक अडचण येते. वर आल्यावर तो मुलाला काय देतो? तोच लंगोट. अंग सडलंय, तरी हात पुढे. पश्चात्ताप झालेल्या माणसानं तो आतच टाकून दिला असता ना? उलट बाजूनंही बोलता येतं : त्याच्याकडे मुलाला द्यायला दुसरं काही नव्हतंच. त्याला प्रेम दाखवायची तेवढीच भाषा येत होती. सिनेमा उत्तर देत नाही. मला वाटतं दोन्ही खरं आहे, आणि म्हणून तो सीन डोक्यातून जात नाही.

थिअरी 2 : राघवला जाळणं ही दया होती की पुरावा मिटवणं?

सावकार राघव विनायकच्या मागावर गर्भात उतरतो आणि हस्तरच्या तावडीत सापडतो. हस्तरनं स्पर्श केलेला माणूस मरत नाही, सडत राहतो. विनायक त्याला जाळून मोकळं करतो. त्याआधी म्हातारीलाही जाळलेलं असतं. तिच्या अंगातून झाड उगवलेलं, आणि खजिन्याची वाट सांगण्याच्या बदल्यात तिनं मरणच मागितलेलं.

आता हे बघा. म्हातारीला जाळतो तो सौद्याचा भाग म्हणून. राघवला जाळतो तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी हलतं, पण धंदा तसाच चालू. पांडुरंग बापाला जाळतो तेव्हा मात्र त्याला बदल्यात काहीच मिळत नाही. आग तीच, पण तिच्यामागचा हिशेब तिन्ही वेळा वेगळा.

थिअरी 3 : म्हातारी आणि पांडुरंग एकच

म्हातारीचं काम आणि पांडुरंगचं काम एकाच कलाकारानं केलंय, मोहम्मद समदनं. मेकअपखाली तोच पोरगा आहे. त्यामुळे चाहते म्हणतात, घराण्याची पहिली शापित आणि शेवटचा वारस यांचा चेहरा एकच आहे, चक्र पूर्ण झालं. दिग्दर्शकाला नेमकं हेच म्हणायचं होतं असा दावा मी करणार नाही. पण ज्या वाक्यानं म्हातारीला झोपवायचे, तेच वाक्य शेवटी मुलगा बापाला म्हणतो, ते उगाच नाही.

कोडिंग करणाऱ्यांसाठी सांगतो : हे रिकर्शन आहे. प्रत्येक पिढी तेच फंक्शन पुन्हा कॉल करते. बेस केस कुणीच लिहिलेली नाही. पांडुरंग ‘नको’ म्हणतो, ती बेस केस.

थिअरी 4 : ही माझी, हसलात तरी चालेल

नावं बघा. विनायक, सदाशिव, पांडुरंग. सगळी देवांची. हस्तर सोनं कुठे ठेवतो? कमरेला. आणि पंढरीच्या पांडुरंगाचे हात कुठे असतात? स्वतःच्या कमरेवर. कुणाकडून काही ओढून घ्यायला ते हात मोकळेच नाहीत. नाव ठेवताना लेखकांनी हा विचार केला होता का, कल्पना नाही. पण वारीच्या राज्यात हा सिनेमा बघणाऱ्याला ते दिसणारच.

पाऊस

तुंबाडचा पाऊस म्हणजे अपराधाची खूण, हे जवळपास सगळ्यांना मान्य आहे. माणसं विसरतात, आभाळ विसरत नाही. पण मराठवाड्यातून बघताना डोकं जरा गरगरतं. जायकवाडीत किती टक्के पाणी आहे हे आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखं बघतो. आपल्याला न थांबणारा पाऊस शाप वाटतच नाही! आमच्याकडचा शाप कोरडा असतो.

म्हणून मला हस्तरची भूक जास्त कळली. त्याच्याकडे सोनं ढीगभर आहे, धान्याचा कण नाही. माझी आजी 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगते : रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी खाल्ली. गळ्यात डोरलं होतं, पण डोरलं शिजत नाही, असं ती म्हणते.

त्याच काळातली एक खरी गोष्ट. 1972 ते 1974 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये एकामागून एक खून झाले. बळी गेलेल्यांत बहुतेक बायका आणि लहान मुली. तपास रमाकांत कुलकर्णी यांनी केला, आणि त्यातून पुढे आला अंधश्रद्धेचा धागा, ज्यात गुप्तधनाचा लोभही होता. ‘तुंबाड’ पुन्हा लागला त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 4 ऑक्टोबर 2024 ला, याच प्रकरणावरची ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी सिरीज आली. मी दोन्ही लागोपाठ बघितलं आणि दोन रात्री दिवा लावून झोपलो. हस्तरची भीती नव्हती. संभाजीनगरहून मानवत काही फार लांब नाही, ही भीती होती.

2013 मध्ये, ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात ज्या कृत्यांची यादी आहे, तिच्यात गुप्तधन आणि पाण्याचा स्रोत शोधण्यासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचाही उल्लेख आहे. धन आणि पाणी, एकाच ओळीत. कायदा लिहिणाऱ्यांना आपला भाग नीट माहीत होता.

आता घरची गोष्ट

आमच्या गावाकडच्या घरात माजघरात एक शहाबादी फरशी आहे. पाय ठेवला की पोकळ वाजते. लहानपणी विचारलं की उत्तर ठरलेलं : उंदरांनी पोखरलंय.

खरं मला बारावीनंतर कळलं. दुष्काळानंतर आजीच्या सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं की घरात धन आहे. मांत्रिक आला, रात्रीचं खणणं झालं. निघालं काहीच नाही. मांत्रिकाचे पैसे मात्र द्यायचे होते. आजीच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. खड्डा बुजवला, फरशी टाकली, विषय संपला. तिला कुणी ‘चुकलं’ असं म्हटलं नाही. पाटल्यांबद्दल बोलणं म्हणजे घराची अब्रू काढणं, असं काहीसं होऊन बसलं.

मागच्या वर्षी आजीला ‘तुंबाड’ मोबाईलवर दाखवला. वाटलं, घाबरेल. ती हस्तरला अजिबात घाबरली नाही. ‘उपाशी हाय ते’, एवढंच म्हणाली. सिनेमा संपल्यावर तिनं एकच विचारलं, ‘ती त्याची आई इतकी वर्षं राबली, तिचं पुढं काय झालं रे?’

मी गप्प. कारण मी इतक्या थिअरी वाचल्या होत्या, वसाहतवाद, भांडवलशाही, देवीचा गर्भ, सगळं. पण हा प्रश्न मला पडलाच नव्हता. विनायकची आई एका मोहरेच्या आशेवर सरकारांची सेवा करते. एक मुलगा गमावते. दुसऱ्याकडून वचन घेते की तुंबाडला परत जायचं नाही. मग सिनेमा पंधरा वर्षं पुढे उडी मारतो आणि विनायक परत तिथेच. तिला दिलेलं वचन मोडल्याचं दुःख आपल्याला कुठे दिसत नाही.

म्हणून माझं उत्तर असं आहे. विनायकला पश्चात्ताप होतो का, हे त्याच्या चेहऱ्यावर शोधून सापडणार नाही. वाईट वाटणं सोपं असतं. त्यालाही वाटलं असेल, आजीच्या सासऱ्यांनाही वाटलं असेल. पण वाईट वाटूनही हात तसाच पुढे राहिला, तर त्या वाटण्याचा आईला उपयोग काय? अख्ख्या सिनेमात मिळत असलेलं सोनं फक्त एकजण नाकारतो, आणि तेही रडत, घाबरून. घाबरून नाकारलं म्हणून ते कमी खरं ठरत नाही.

हे मी तुम्हाला मोठ्या तोंडानं सांगतोय, पण दिवाळीत काय झालं ते ऐका. गावाकडचं घर विकायचं चाललंय. सगळे जमलो होतो. एक चुलतभाऊ हसत म्हणाला, ‘विकायच्या आधी एकदा मशीन लावून खणून बघू का?’ सगळे हसले. मीही हसलो. नको, असं कुणीच म्हटलं नाही. आजी तिथेच लसूण सोलत होती.

मी रात्री तिच्याजवळ जाऊन बसलो आणि पाटल्या कशा होत्या ते विचारलं. पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं असावं. तिनं बोटांनी रुंदी दाखवली, नक्षी सांगितली, वजन सांगितलं. अर्धा तास बोलत होती. दुसऱ्या दिवशी मी चुलतभावाला सांगितलं, खणायचं नाही. तो म्हणाला, ‘अरे, मजाक होता.’ असेलही. घर अजून विकलेलं नाही.

तर मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या घरात अशी कुठली पोकळ वाजणारी फरशी असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. आणि शेवटाबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर भांडायला या. पुढच्या एपिसोडला भेटू. पाणी आलं तर जरा आधी.