चेंडू कोठे गेला?

समजा एका सकाळी तुम्ही चेंबूरच्या गोल्फ मैदानावर उभे आहात. गोल्फची मोठी स्पर्धा पाहण्याची ही तुमची पहिलीच वेळ. समोर एक खेळाडू काठी उगारतो. ‘टक्’ असा आवाज येतो. आजूबाजूची माणसे माना वर करून आकाशाकडे पाहू लागतात, मग टाळ्या वाजवतात. तुम्हीही आकाशाकडे पाहता, पण तेथे काहीच दिसत नाही. शेवटी शेजारच्या गृहस्थांना तुम्ही हळूच विचारता, “काका, चेंडू कोठे गेला?”

हा प्रश्न विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गोल्फची स्पर्धा प्रथम पाहणाऱ्या बहुतेकांची अशीच फजिती होते. क्रिकेट पाहताना आपण एका जागी बसतो आणि चेंडूवर नजर ठेवतो. गोल्फमध्ये हे जमत नाही, कारण येथे नुसता डोळा पुरत नाही. चेंडू कोठे असेल हे आधी डोक्याने ठरवावे लागते आणि मग तेथे पाहावे लागते. त्यासाठी लागणारे विज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

डोळ्याची मर्यादा

गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा आणि त्याचे वस्तुमान ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आहे. म्हणजे तो क्रिकेटच्या चेंडूपेक्षा पुष्कळ लहान आणि हलका असतो. निरोगी माणसाच्या डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाचे बारकावे ओळखता येतात. हिशेब केला तर दिसेल की गोल्फचा चेंडू सुमारे १५० मीटरांवर गेला की आपल्या डोळ्याशी एवढाच कोन करतो. त्यापुढे तो केवळ एक ठिपका उरतो.

तुम्ही म्हणाल, तारे तर याहून कितीतरी लहान कोन करतात, मग ते कसे दिसतात? तारे दिसतात ते काळ्या आकाशावर चमकतात म्हणून. मुंबईच्या धुरकट, पांढुरक्या आकाशावर पांढरा ठिपका उठून कसा दिसणार?

मैदानाची ओळख

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ साली स्थापन झाला. बोरिवली-अंधेरीकडच्या मुलांना अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला येऊन पुढे बसने जाता येते. मुलुंडकरांनी कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर मार्गाने चेंबूरला उतरावे. मैदान सभासदांच्या क्लबचे असल्यामुळे स्पर्धेच्या वेळी प्रेक्षकांना प्रवेश आहे किंवा नाही, याची चौकशी शाळेने आधी पत्र लिहून करावी हे बरे.

मैदानावर १८ टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याला ‘होल’ म्हणतात. टप्पा जेथे सुरू होतो ती जागा म्हणजे ‘टी’. तेथून पुढे कापलेल्या गवताचा लांब पट्टा, त्याच्या कडेला झाडे, वाढलेले गवत व वाळूचे खड्डे आणि शेवटी अगदी बारीक कापलेल्या गवताची हिरवळ असते. या हिरवळीतल्या १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा, एवढाच खेळ. चांगल्या खेळाडूला एखाद्या टप्प्यासाठी किती फटके लागावेत हे ठरलेले असते. त्या संख्येला ‘पार’ म्हणतात. एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. मोठ्या व्यावसायिक स्पर्धा बहुधा चार दिवस चालतात आणि रोज १८ टप्पे खेळले जातात. दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू गळतात. शेवटी ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजेता.

येथे प्रेक्षकांसाठी एकच एक सज्जा नसतो. खेळाडूंबरोबर चालायचे, नाहीतर एक जागा धरून बसायचे. आपण तीन जागी थांबू.

पहिली जागा : टीच्या मागे

चेंडू दिसावा असे वाटत असेल तर खेळाडूच्या बाजूला उभे राहू नका. त्याच्या बरेच मागे, फटक्याच्या रेषेत उभे राहा. बाजूने पाहिले तर चेंडू नजरेसमोरून सर्रकन निघून जातो. मागून पाहिले तर तो जवळजवळ एकाच दिशेत राहून लहान लहान होत जातो आणि डोळ्याला त्याचा माग ठेवता येतो. खेळाडू काठी उगारू लागला की बोलायचे नाही आणि हलायचेही नाही.

काठी आणि चेंडू यांचा स्पर्श फक्त सुमारे ०.०००५ सेकंद टिकतो. एवढ्या अवधीत चेंडूचा वेग शून्यापासून सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर होतो. संवेगातील बदलाला वेळेने भागा. सरासरी बल सुमारे ७,००० न्यूटन येते. ७०० किलोग्रॅमचा दगड चेंडूवर ठेवावा तसे! ‘टक्’ हा आवाज खेळाडूच्या स्वतःच्या कानी पोहोचतो, तेव्हा चेंडू काठीपासून सुटलेला असतो.

आता एक गणित करा. चांगला खेळाडू लांबचा फटका मारतो तेव्हा चेंडू जमिनीशी साधारण ११ अंशांचा कोन करून निघतो. हवा नाहीच असे समजून प्रक्षेपित वस्तूचे सूत्र वापरले, तर चेंडू सुमारे २१५ मीटरांवर आणि तीन सेकंदांत खाली यायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे २५० मीटर जातो आणि सहा सेकंद हवेत राहतो. हवा तर चेंडूला अडवते. मग हवेमुळे तो अधिक लांब कसा गेला?

या कोड्याचा छडा एडिंबरो विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक पीटर टेट यांनी १८९० नंतरच्या दशकात लावला. त्यांचा मुलगा फ्रेडी हा नामांकित गोल्फपटू होता. १८९६ आणि १८९८ साली त्याने ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली. टेट यांनी चेंडूला एक लांब फीत बांधली, तो मारला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. फटका मारलेला चेंडू पुढे जाताना उलटी गिरकी घेतो, हे त्यावरून सिद्ध झाले. आजच्या मोजमापांनुसार लांबच्या फटक्यात चेंडू सेकंदाला ४० हून अधिक उलट्या गिरक्या घेतो.

या गिरकीमुळे चेंडूभोवतालची हवा मागे जाताना खालच्या बाजूस वळवली जाते. चेंडू हवेला खाली ढकलतो, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा चेंडूला वर ढकलते. सुरुवातीला हे वरचे बल चेंडूच्या वजनाहूनही जास्त असू शकते. क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो त्यामागेही हेच कारण असते. गोल्फपटूची काठी किंचित तिरकी लागली तर गिरकीचा अक्षही तिरका होतो आणि चेंडू उजवीकडे किंवा डावीकडे भरकटतो. हे लक्षात ठेवा, पुढच्या जागी त्याचा उपयोग आहे.

चेंडूवरील खळग्यांचे कामही समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात गटापर्चा नावाच्या चिकापासून गुळगुळीत चेंडू करीत असत. वापरून ओरखडे पडलेले चेंडू नव्या चेंडूंपेक्षा चांगले उडतात हे खेळाडूंच्या ध्यानात आले. मग ते नव्या चेंडूंवर मुद्दाम हातोडीने खुणा करू लागले. १९०५ साली विल्यम टेलर यांनी इंग्लंडमध्ये खळग्यांच्या चेंडूचे एकस्व घेतले. खळग्यांमुळे चेंडूला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरात खळबळ माजते. असा थर चेंडूच्या मागील भागापर्यंत चिकटून राहतो. त्यामुळे चेंडूमागे निर्माण होणारा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि हवेचा रोध जवळजवळ निम्म्यावर येतो.

घामाने भिजवणारी चेंबूरची दमट हवा ‘जड’ आहे असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती हलकी असते! पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८, तर नायट्रोजनचे २८ व ऑक्सिजनचे ३२. जड रेणूंच्या जागी हलके रेणू आले की हवेची घनता घटते. उष्णतेनेही ती घटते. म्हणून स्कॉटलंडच्या गार हवेपेक्षा मुंबईत तोच फटका थोडा लांब जातो. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात हवा आणखी ६ टक्के विरळ, म्हणून तेथे तो याहूनही थोडा लांब जातो.

दुसरी जागा : चेंडू जेथे पडतो

येथे उभे राहणाऱ्याने सर्वांत सावध असावे. टीवरून निघालेल्या चेंडूची गतिज ऊर्जा सुमारे १३० जूल असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचीही जवळजवळ एवढीच असते. हवेत चेंडूचा वेग कमी होतो हे खरे, पण खाली येतानाही तो गंभीर इजा करू शकतो. २०१८ साली पॅरिसजवळ झालेल्या रायडर चषक स्पर्धेत भरकटलेला चेंडू लागून प्रेक्षकांतील एका स्त्रीच्या डोळ्याची दृष्टी गेली. सरळ आपल्याकडे येणारा चेंडू दृष्टिपटलावर जवळजवळ एकाच जागी राहतो, फक्त मोठा होत जातो. तो येत आहे हे आपल्याला फार उशिरा उमगते.

डोळा असा फसवतो तेव्हा कान उपयोगी पडतो. फटका भरकटला की खेळाडू “फोर!” असे ओरडतो. ही धोक्याची सूचना असते. चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर, आवाजाचा सुमारे ३५० मीटर. चूक लक्षात येऊन ओरडायला खेळाडूला दोन सेकंद लागले असे धरा. २५० मीटर अंतर कापायला आवाजाला ०.७ सेकंद लागतो. म्हणजे आरोळी तुमच्यापर्यंत २.७ सेकंदांनी पोहोचते आणि चेंडू सहा सेकंदांनी. तुमच्या हाती तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ उरतो.

या तीन सेकंदांत काय करायचे? नवखा माणूस हमखास एक चूक करतो. चेंडू कोठे आहे हे पाहण्यासाठी तो वर बघतो. तसे कधीही करू नका. आवाजाकडे पाठ करा, खाली वाका आणि दोन्ही हातांनी डोके झाका. दोरीच्या आत जाऊ नका. मागची तुकडी टीवर आली आहे की नाही, हे पाहूनच जागा बदला. शिक्षकांनी ही सूचना मुलांना मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी द्यावी आणि एकदा करूनही घ्यावी.

तिसरी जागा : हिरवळ

पहिल्यांदा आलेल्या प्रेक्षकाने निदान तासभर तरी हिरवळीजवळ बसावे. येथे सर्व काही दिसते आणि पाठोपाठ येणाऱ्या तुकड्या एकाच जागेवर पाहायला मिळतात.

चेंडू खळग्यात पडण्यासाठी किती हळू यायला हवा? खळग्यावरून जाताना चेंडूने निदान आपल्या त्रिज्येएवढे, म्हणजे २१ मिलिमीटर खाली यायला हवे. गुरुत्वाकर्षणाने एवढे खाली यायला सुमारे ०.०६६ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात चेंडूला पुढे जायला १०८ वजा २१, म्हणजे ८७ मिलिमीटर मोकळी जागा आहे. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला सुमारे १.३ मीटर. हा तर आपल्या चालण्याचा वेग! खळग्याची पलीकडची कड चेंडूला थोडी मदत करते, पण फार नाही. टीवर ताशी २७० किलोमीटरचा वेग देणाऱ्या खेळाडूला काही मिनिटांतच ताशी पाच किलोमीटरचा नेमका हिशेब करावा लागतो. म्हणून तो उकिडवा बसून उतार न्याहाळतो आणि गवत कोणत्या दिशेला झुकले आहे ते पाहतो. लांबच्या फटक्याच्या वेळी न उठलेली टाळी येथे का उठते, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

खेळाडूची पिशवी उचलणाऱ्या कॅडीकडेही लक्ष द्या. चिमूटभर गवत हवेत सोडून वारा ओळखणे, पावलांनी अंतर मोजणे, उताराचा अंदाज सांगणे, ही कामे तो करतो. भारतीय खुली स्पर्धा १९६४ साली दिल्लीत सुरू झाली. ती जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर, १९९१ साली. त्यांचे शिक्षण दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच झाले होते. टोकिओच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली खेळलेले अनिर्बान लाहिरी यांचा जन्म पुण्याचा, आणि त्यांचे सहकारी उदयन माने हेही पुण्याचेच.

घरी करून पाहा

१. वहीचा एक कागद गुंडाळून सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाची हलकी नळी करा व कड चिकटवा. टेबलावर एक फळी उतरती ठेवा. तिचे खालचे टोक टेबलाच्या कडेशी येऊ द्या. नळी फळीवरून आडवी गडगडत खाली सोडा. ती पुढे न पडता वळून टेबलाच्या खाली जाईल. गिरकीमुळे हवा तिला मागे ढकलते. गोल्फच्या चेंडूची गिरकी उलटी, म्हणून त्याला वर ढकलते.

२. पुठ्ठ्याची पन्हळ करून तिचे एक टोक ठरावीक उंचीवर टेकवा. तिच्यातून गोटी सोडा आणि ती फरशीवर, सतरंजीवर व शाळेच्या मैदानातील गवतावर किती दूर जाते ते मोजा. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ साली अशाच पन्हळीचे उपकरण बनवले. आजही हिरवळीचा ‘वेग’ त्याच तत्त्वावर मोजतात.

स्पर्धेला जाल तेव्हा वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ बरोबर न्या. टीवरून चेंडू निघाला की मनात सहापर्यंत मोजा आणि नजर अडीचशे मीटर पुढच्या गवताकडे वळवा. हिरव्या गवतावर पांढरा चेंडू टप्पा घेताना दिसेल. मग शेजारच्या एखाद्या नवख्या प्रेक्षकाने “चेंडू कोठे गेला?” असे विचारले, तर तुम्ही बोट दाखवून सांगू शकाल.